आठ ब्लँकेटं

फोन वाजला तेव्हा डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात एका पेशंटच्या तोंडात होते. कोपराने बटण दाबून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"आज संध्याकाळी ताईंना हॉलवर आणू नका," पलीकडून रेडिओ क्लबचे अध्यक्ष म्हणाले. "तेवढंच सांगायला फोन केला."

"का? सत्कार त्यांचाही आहे ना?"

"होता. नाव काढलंय. पंपघराच्या प्रकरणात चूक ताईंची, असं चौकशीत ठरलं. लायसन्सही जाईल बहुतेक. मी तहसील कचेरीच्या मोठ्या साहेबांना खूप समजावलं हो, पण माझं कोण ऐकतंय? हॉलमध्ये दोन-शून्य-शून्य खुर्च्या मांडल्यात, सगळं गाव येणार. उगाच तमाशा नको."

फोन बंद झाला. खुर्चीतला पेशंट आ वासूनच काहीतरी बोलला. दुसऱ्या कुणाला ते नुसते हुंकार वाटले असते. डॉक्टरीणबाईंना लख्ख कळलं. तो म्हणत होता, 'ताईंची कसली चूक?'

उघड्या तोंडातून, बधिर झालेल्या ओठांतून, निम्मी अक्षरं गळलेले शब्द ऐकण्यातच त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. भूल दिलेला माणूस 'पाणी' मागायला जातो आणि 'आणी' म्हणतो. त्यांना सवयीने पाणीच ऐकू यायचं.

"गुळणी करा," त्या म्हणाल्या. "आणि उरलेल्यांना उद्या यायला सांगा. आज दवाखाना बंद."

ताई म्हणजे त्यांच्या मोठ्या नणंदबाई. वरच्या मजल्यावर राहायच्या. दोघींचं फारसं गूळपीठ नव्हतं. गच्चीत कपड्यांची दोरी बांधायची की ताईंच्या रेडिओची तार, या वादात कित्येक वर्षं गेली होती आणि शेवटी तारच जिंकली होती. तरी ताईंना नावं ठेवायचा हक्क या घरात फक्त आपला आहे, असं डॉक्टरीणबाईंचं पक्कं मत होतं. बाहेरच्या कुणी ती हिंमत करायची नाही.

आणि ताईंनी केलं काय होतं? दोन महिन्यांपूर्वी नदी गावात शिरली. मोबाइलचे टॉवर आडवे झाले, वीज गेली. त्या वेळी गावाला बोलतं ठेवलं ते या हौशी रेडिओवाल्यांनी. एक औषधवाला, एक बस कंडक्टर, दोन शिक्षक, अशीच सगळी साधी माणसं. पदराला खार लावून सेट घेतलेले, परीक्षा देऊन लायसन्स काढलेले. कुणी दवाखान्यात बसला, कुणी पुलावर, आणि या सगळ्यांचे निरोप इकडून तिकडे करायला वरच्या खोलीत ताई. बोट कुठे न्यायची, औषध कुठे पोचवायचं, सगळं त्यांच्या आवाजावर चाललं. छपरांवर अडकलेली कितीतरी माणसं त्या आवाजाने वाचली.

एक माणूस वाचला नाही. पंपघराचा पंपवाला. त्याच्याकडे निघालेली बोट ताईंच्या सांगण्यावरून मागे फिरली होती.

डॉक्टरीणबाई जिना चढून वर गेल्या. ताई खिडकीशी बसल्या होत्या. रेडिओच्या सेटवर चादर टाकलेली होती. पूर ओसरल्यापासून ती निघालीच नव्हती.

"नाव काढलं ना माझं?" ताईंनी वळूनही पाहिलं नाही. "तुझा स्पीकर इथपर्यंत ऐकू येतो."

"ताई, त्या दिवशी तुम्ही नेमकं काय ऐकलंत?"

"चौकशीत सांगितलंय."

"मला सांगितलं नाहीत."

ताईंनी सुस्कारा टाकला. "बोट पंपघराकडे निघाली होती. इकडे गावाच्या बाजूला नदीकाठच्या वसाहतीतली माणसं छपरांवर बसलेली. बोट एकच. पंपघराचा स्वतःचा टेलिफोन होता, त्याची तार थेट मोठ्या साहेबांच्या कचेरीतल्या नियंत्रण कक्षात. तेवढी एकच तार शाबूत होती. म्हणून मी कक्षाला रेडिओवर विचारलं, पंपघराची स्थिती काय? उत्तर आलं, 'सुरक्षित.'"

"एवढंच?"

"एवढंच. तरी मी तेच परत म्हणून दाखवलं, 'पंपघर सुरक्षित. बरोबर?' तर म्हणाले, 'बरोबर, बरोबर.' मी बोट वसाहतीकडे वळवली."

"कोण म्हणालं?"

"कक्षात माईकवर अध्यक्ष होते. आवाज घोगरा होता, खरखर होती, पण त्या दिवशी घसा कुणाचा बसला नव्हता?"

"आणि अध्यक्ष काय म्हणतात?"

"मी 'धोका' म्हणालो, म्हणतात." ताईंचा आवाज उतरला. "तसंच म्हणाले असणार. आमच्या क्लबची शिस्तच आहे ती. संकट असेल तर 'धोका' म्हणायचं, दुसरा शब्द नाही. आता तूच सांग, 'धोका'चं 'सुरक्षित' कसं होईल? कान फुटलेल्यालाही तसं ऐकू येणार नाही. म्हणजे मी कानाने ऐकलंच नाही. वसाहतीतली माणसं डोळ्यांपुढे होती, तिकडे बोट न्यायची होती, म्हणून मनानेच ऐकलं मी. त्या माणसाला मीच मारलं."

नणंद भांडताना डॉक्टरीणबाईंनी पुष्कळदा पाहिली होती. हरलेली कधीच पाहिली नव्हती. त्यांना ते सहन होईना.

"ताई, ज्या बाईने माझ्या एका वाक्यात चार चुका काढून दाखवल्या, ती चुकीचं ऐकेल?"

हे खरंच घडलं होतं. पुराच्या दिवशी ताईंनी एक हातसेट डॉक्टरीणबाईंच्या हातात कोंबला होता. क्लबातल्या एका शिक्षकाबरोबर शाळेतल्या निवाऱ्यात बसायचं आणि त्याच्या देखरेखीखाली बोलायचं. पहिल्याच निरोपाला ताई तिकडून कडाडल्या होत्या. 'बटण दाब, एक श्वास घे, मग बोल! आवाज पुढे पोचवणारा टेकडीवरचा रिपीटर झोपाळू आहे, त्याला जागं व्हायला वेळ लागतो. आणि आकडे सुटे सांग, घोळ घालू नकोस!' शाळेतल्या सगळ्या लोकांसमोर. तो राग अजून गेला नव्हता.

"मी येणार नाही संध्याकाळी," ताई म्हणाल्या.

"मी विचारलं नाही अजून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

बोटीचा तांडेल अग्निशमन केंद्राच्या शेडमध्ये इंजिन उघडून बसला होता. गावातली एकुलती एक नारिंगी बोट शेजारी पालथी पडली होती.

"पंपघराकडे किती वेळा गेलात त्या दिवशी?"

"एकदाच. तेही अर्ध्यापर्यंत."

"पुढे का नाही?"

"ताईंचा आवाज आला. 'पंपघर सुरक्षित, वसाहतीकडे वळा.' जागच्या जागी बोट फिरवली. नंतर प्रवाहाने असा जोर धरला की कुणाच्या बापाला तिकडे जाता आलं नसतं."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी पंपघर होतं कुठे? पत्र्याचं छप्पर रात्रीतच वाहून गेलं."

"कक्षाचा आवाज तुम्हाला थेट ऐकू यायचा?"

"यायचा, पण इंजिनाच्या भकभकीत काय कळणार? ताईंचा आवाज तेवढा घण घातल्यासारखा यायचा." त्याने पाना खाली आपटला. "त्या फेरीत वसाहतीतून आम्ही बायकापोरं काढली, म्हातारी माणसं काढली. त्याचं कुणी नाव काढत नाही. ताई नसतील तर मीही त्या सत्काराला जात नाही. घालू दे त्यांना पदक बोटीच्या गळ्यात."

"जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला तुम्ही तिथे हवे आहात."

हॉलमध्ये गडबड चालू होती. मंचामागे भला मोठा फ्लेक्स चढवला जात होता आणि इस्त्रीचा कोट घातलेले अध्यक्ष खालून हातवारे करत होते. फ्लेक्सवर तेच होते. नियंत्रण कक्षाच्या बाल्कनीत, गळ्यात हेडफोन, समोर टीव्हीवाल्यांच्या माईकचा दांडा. मागे फुगलेली नदी, पाण्यातून डोकावणारं एक पत्र्याचं छप्पर आणि त्याच्या अलीकडे, गावाकडे तोंड केलेला एक नारिंगी ठिपका. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'एक क्षणही माईक सोडला नाही.'

डॉक्टरीणबाईंनी फ्लेक्स नीट पाहून घेतला.

"अध्यक्षसाहेब, दोनच प्रश्न."

"विचारा ना. पण ताईंचं मनावर घेऊ नका हं. वय झालं की कान दगा देतातच."

हे गृहस्थ ताईंपेक्षा वर्षभराने मोठे होते. डॉक्टरीणबाईंनी दात आवळले.

"ताईंनी पंपघराचं विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"'धोका.' शिस्तीप्रमाणे."

"माईकवर दुसरं कुणी बसलं होतं का? थोडा वेळ तरी?"

"छे! लायसन्स नसलेल्या माणसाने एकट्याने माईकला हात लावणं गुन्हा आहे. तीन-शून्य तास जागचा हललो नाही मी. चहासुद्धा तिथेच."

"फोटो छान आलाय."

अध्यक्ष खुलले. "तो होय? तो दुसऱ्या दिवशीचा. पाणी उतरायला लागल्यावर टीव्हीवाले आले होते."

मोठ्या साहेबांचे पीए पदकांचे खोके घेऊन चालले होते. चणीने लहान, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत त्यांचं उत्तर सुरू व्हायचं.

"पंपघराचा टेलिफोन कोण घ्यायचं?"

"मीच. दुसरं कोण घेणार? बाकीचे सगळे पळापळीत."

"शेवटचा फोन आला तेव्हा पंपवाला काय म्हणाला?"

पीएंचा वेग पहिल्यांदाच कमी झाला. "म्हणाला, पाणी जिन्याला लागलंय. लवकर बोट पाठवा. मी लगेच कळवलं."

"कुणाला?"

त्यांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं. "मला माईकला हात लावायची परवानगी नाही."

"मी माईकचं विचारलंच नाही."

पीए खोके घेऊन मंचामागे दिसेनासे झाले.

डॉक्टरीणबाई दाराकडे वळल्या तर समोरून शाळेच्या मुख्याध्यापिका येत होत्या. या बाईंचा आवाज असा होता की त्यांना रेडिओची गरजच नव्हती.

"बरं झालं भेटलात! आज सत्काराच्या निमित्ताने तुमच्या रेडिओवाल्यांना विचारणार आहे मी. त्या दिवशी आठ ब्लँकेटं येतायत म्हणून सांगितलं ना तुमच्या त्या डब्यातून?"

"हो. आठच म्हणाले. मीही ऐकलं."

"त्या आठ ब्लँकेटांवरून शाळेत महाभारत झालं! कुणाला द्यायची, बाळंतिणीला की म्हाताऱ्यांना? मी चिठ्ठ्या टाकल्या. दोन घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत. आणि टेम्पो आला तर त्यात साठ! साठ ब्लँकेटं असताना आठ म्हणायची ही कुठली थट्टा?"

"हे पंपघराच्या आधी की नंतर?"

"अगदी आधी. तुम्हीच नाही का म्हणालात, गप्प बसा, ताई पंपघराचं विचारतायत म्हणून?"

डॉक्टरीणबाई दारातच थांबल्या. त्यांनी ओठांतल्या ओठांत 'साठ' म्हणून पाहिलं. मग आपल्या खुर्चीत बसलेला, ओठ बधिर झालेला एखादा माणूस तो शब्द कसा म्हणेल, ते आठवून पाहिलं. मग त्यांनी दुसरा एक शब्द तसाच म्हणून पाहिला, आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"काय झालं हो? दाढ दुखतेय का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"नाही. अक्कलदाढ आत्ता आली," त्या म्हणाल्या आणि घराकडे सुटल्या.

ताई खिडकीशी होत्या तशाच होत्या.

"उठा. चांगले कपडे घाला. दोन हातसेट घ्या चार्ज केलेले."

"मी येणार नाही म्हटलं ना."

"ताई, तुम्ही बरोबर ऐकलंत. शब्द न् शब्द बरोबर ऐकलात. मी सिद्ध करून दाखवते, पण तुम्ही समोर असायला हव्यात."

ताईंनी सेटवरची चादर ओढून काढली आणि चार्जर शोधायला लागल्या.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. मंचावर मोठे साहेब, शेजारी अध्यक्ष, कडेला पदकांच्या टेबलाशी पीए. ताई आत आल्या तेव्हा कुजबुज झाली. अध्यक्षांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. ताई मान ताठ ठेवून चालत गेल्या आणि पहिल्या रांगेत, राखीव लिहिलेल्या खुर्चीवर बसल्या.

अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. "त्या भीषण प्रसंगी आम्ही तीन-शून्य तास..."

"अध्यक्षसाहेब!" डॉक्टरीणबाई उठल्या. "शाळेत ब्लँकेटं किती पाठवली होतीत?"

"हे काय मध्येच? सहा-शून्य."

हॉलमध्ये हशा पिकला.

"हसू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे लोक बाजारात लिंबंसुद्धा एक-शून्य मागतात. रेडिओवर आकडा सुटा सांगायची सवय हाडात भिनलेली असते. मुख्याध्यापिका बाई, तुम्हाला रेडिओवर काय ऐकू आलं होतं?"

"आठ!" मागच्या भिंतीपर्यंत आवाज गेला.

"'सहा-शून्य'चं कुणाला 'आठ' ऐकू येईल? नाही येणार. म्हणजे ते वाक्य अध्यक्ष बोललेच नव्हते. कोण बोललं होतं, ते आता ऐका."

मोठे साहेब पुढे झुकले. "बाई, हा सत्काराचा कार्यक्रम आहे."

"म्हणूनच, साहेब. कुणाचा करायचा ते आधी कळायला हवं."

मंचावर चढून त्यांनी एक हातसेट पीएंच्या हातात दिला. दुसरा मंचावरच्या माईकसमोर धरला. "ताई इथेच आहेत आणि त्यांचं लायसन्स अजून शाबूत आहे, तेव्हा घाबरू नका. तुमचा आवाज टेकडीवरच्या रिपीटरवर जाईल आणि या दुसऱ्या सेटमधून परत येईल. पुराच्या दिवशी जायचा तसाच. म्हणा, 'साठ ब्लँकेटं पाठवली.' तुमच्या नेहमीच्या वेगाने."

पीएंनी मोठ्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नाइलाजाने मान हलवली. पीएंनी बटण दाबलं आणि दाबता दाबताच बोलून मोकळे झाले.

माईकमधून हॉलभर आवाज घुमला, "...आठ ब्लँकेटं पाठवली."

कुणीतरी टाळी वाजवली. मुख्याध्यापिका उभ्याच राहिल्या. "हाच! हाच आवाज!"

"आता एकच शब्द म्हणा," डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला. "म्हणा, 'असुरक्षित'."

पीए पांढरेफटक पडले. एव्हाना त्यांना कळलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, मग डोळे मिटले, आणि बटण दाबलं.

"...सुरक्षित," माईक म्हणाला.

ताईंनी खुर्चीचा हात गच्च धरला.

"मी 'असुरक्षित'च म्हणालो होतो!" पीए ओरडले. "देवाशपथ! त्याचा फोन आला, माईकवर कुणी नव्हतं, रेडिओवर ताई विचारत होत्या. मी काय करायला हवं होतं? बघत बसायला हवं होतं?"

"नाही. तुम्ही केलंत तेच करायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही धावलात आणि खरं तेच बोललात. फक्त टेकडीला जागं व्हायला वेळ लागतो हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. क्लबातला माणूस बटण दाबतो, श्वास घेतो, मग बोलतो. आणि 'असुरक्षित' हा शब्द तो तोंडातून काढतच नाही, का ते आत्ता कळलं ना सगळ्यांना? पहिला 'अ' गेला की उलटा अर्थ. म्हणून ते 'धोका' म्हणतात."

"पण ताईंनी परत विचारलं होतं," मोठे साहेब म्हणाले. "खात्री केली होती, असं त्याच म्हणतात."

"केली होती. साहेब, आता तुम्हीच घाईघाईत म्हणून बघा, 'पंपघर सुरक्षित' आणि 'पंपघर असुरक्षित'. 'घर'च्या 'र'मध्ये तो 'अ' कुठल्या कुठे विरघळतो. यांनी स्वतः 'असुरक्षित' म्हटलं होतं, खरखरीत यांना तेच ऐकू आलं. म्हणाले, बरोबर."

साहेबांचे ओठ हलले. पहिल्या रांगेतल्या दोन-चार जणांचेही हलले.

"हे सगळं ठीक आहे," अध्यक्ष हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "बिचाऱ्यांचा गोंधळ झालाय. पण माईकवर मी होतो. एक क्षणही..."

"तांडेल," डॉक्टरीणबाईंनी हाक मारली, "तुमची बोट पंपघराकडे किती वेळा गेली?"

"एकदाच." तांडेल मागून उठला. "अर्ध्यातून फिरली. आणि दुसऱ्या दिवशी पंपघराचं छप्परच उरलं नव्हतं."

"मग त्या फोटोत बघा."

सगळ्या माना फ्लेक्सकडे वळल्या. तांडेल खुर्च्यांमधून वाट काढत मंचावर चढला आणि त्या नारिंगी ठिपक्यावर त्याने बोट ठेवलं.

"ही माझी बोट. हे पंपघराचं छप्पर, अजून पाण्यावर आहे. आणि बोटीचं नाक..." त्याचा आवाज चिरकला. "नाक गावाकडे आहे. ही आम्ही वळलो तेव्हाची."

"अध्यक्ष मला सकाळी म्हणाले, हा फोटो दुसऱ्या दिवशीचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बोट वळली त्या क्षणी, म्हणजे ताईंनी 'वळा' म्हटलं त्या क्षणी, हे बाल्कनीत टीव्हीवाल्यांपुढे उभे होते. माईक आत टेबलावर बेवारस पडला होता. आत आल्यावर यांना कळलं की कक्षातून काहीतरी निरोप गेलाय. नंतर पंपवाल्याचं कळलं. तेव्हा सरळ सांगता आलं असतं. पण पदक जाहीर झालं होतं. मग पीएंना दम भरला, लायसन्स नसताना माईक उचललास, तुरुंगात जाशील, तोंड उघडू नकोस. आणि स्वतः चौकशीत सांगितलं, मी 'धोका' म्हणालो. कारण 'धोका' म्हटलं की ताई आपोआप खोट्या पडत होत्या."

"खरंय," पीए खालमानेने म्हणाले. "असंच म्हणाले होते मला."

अध्यक्ष खुर्चीचा आधार घेत खाली बसले. "दोन मिनिटंच गेलो होतो हो," ते पुटपुटले. "टीव्हीवाले थांबायला तयार नव्हते. एवढी वर्षं क्लब चालवला, कधी कुणी विचारलं नाही. एकदा तरी आपल्या कामाचं नाव व्हावं असं वाटलं, एवढंच."

"बाहेर गेलात ते मी समजू शकते," ताई पहिल्यांदा बोलल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. "माणूस आहे, मोह होतो. पण दोन महिने तुम्ही मला एका माणसाच्या मरणाखाली दाबून ठेवलंत. रोज माझ्या घरावरून जात होतात. एकदा वर चढून आला असतात तर?"



मोठे साहेब घसा खाकरून उठले. त्यांना सारवासारवीचा दांडगा अनुभव होता. "झालं ते वाईट झालं. कचेरीच्या पातळीवर आपण योग्य ते करू. पण लोक जमलेत, कार्यक्रम पुरा करू या. ताई, अध्यक्षांसाठी काढलेलं मानपत्र मी आता आपल्याला देतो. या, मंचावर या."

"मला नको ते."

"अहो, सन्मान आहे हा."

"चौकशीच्या अहवालात काय लिहिलंय, साहेब? चूक रेडिओ चालवणाऱ्या बाईची, आणि पंपवाल्याने वेळेवर कळवलं नाही. वाचलंय मी. तो माणूस पाण्यात उभा राहून फोन करत होता. त्याच्या माघारी त्याच्या घरच्यांना लोक म्हणतात, वेळेवर बोलला असता तर वाचला असता. आधी ते पुसा. त्याने कळवलं होतं, असं लिहा. मग पहिलं मानपत्र त्याच्या घरी द्या. तोवर आमच्यातलं कुणी मंचावर येणार नाही."

"अहवालाची एक पद्धत असते. आणि ताई, तुमच्या लायसन्सचा निर्णय अजून व्हायचाय, तेव्हा जरा जपून..."

"घ्या लायसन्स!" ताईंचा आवाज घण घातल्यासारखा पडला. दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंना तो ऐकू आला आणि त्यांचे डोळे भरून आले. "आत्ता घ्या. माझं घ्या, या औषधवाल्याचं घ्या, कंडक्टरचं घ्या. पुढच्या पुराला बाल्कनीत उभे राहा आणि ओरडा गावाला."

औषधवाला उठला. कंडक्टर उठला. दोन्ही शिक्षक उठले. एकेक करत क्लबचे सगळेच उठले, आणि त्यांच्या मागे तांडेल, मुख्याध्यापिका, वसाहतीतली माणसं. साहेबांना वाटलं, आता हे बाहेर पडणार. पण कुणी दाराकडे गेलं नाही.

"अहवाल दुरुस्त करायला वेळ लागतो," साहेब हळूच म्हणाले.

"मग आम्ही थांबतो," ताई म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. त्यांच्यामागे सगळा हॉल बसला. डॉक्टरीणबाई नणंदेच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. ती खुर्ची अध्यक्षांच्या बायकोसाठी राखीव होती.

साहेबांनी हॉलवरून नजर फिरवली. मग कडेला उभ्या असलेल्या पीएंकडे पाहिलं आणि कोरे कागद मागितले. पीएंनी कागद आणले, पण साहेबांच्या हातात दिले नाहीत. पदकांचे खोके बाजूला सारून त्यांनी टेबलावर जागा केली आणि खिशातून पेन काढलं.

"मी लिहितो," ते म्हणाले. "बोललो मी होतो. सहीसुद्धा माझीच पाहिजे."

नेहमीच्या घाईत पहिली ओळ वेडीवाकडी आली. त्यांनी तो कागद चुरगळला आणि दुसरा घेतला.

"सावकाश लिही रे बाबा," ताई पहिल्या रांगेतून म्हणाल्या. "इथून कुणी उठत नाहीये."